दुसऱ्याच्या नावाची परीक्षा

"ह्या परीक्षेला राखीव जागा नसतात हां. आधीच सांगून ठेवतो," सर म्हणाले.

सगळे हसले. मीपण हसले. तोंड आपोआप हसलं.

जेवणाची सुट्टी होती. डबे उघडलेले होते. मी एवढंच म्हटलं होतं, की मी नेटवर्किंगच्या सर्टिफिकेशनला बसतेय. ती परीक्षा ऑफिसात कुणालाच एका फटक्यात सुटलेली नव्हती. सरांचा पुतण्या रोहन, पुण्याच्या महागड्या कॉलेजातून शिकून आलेला, तोही दोनदा आपटला होता. आणि मी म्हणत होते, मी बसणार.

ऑफिस सरांचं, अलिबागला. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचं, होमस्टेंचं इंटरनेट आणि कॅमेरे आम्ही सांभाळायचो. कुठे काही बंद पडलं, की मला पाठवायचे. शिडीवर चढून केबल ओढायची ती मी. खाली खुर्चीत बसून पासवर्ड टाकायचा तो रोहन. पासवर्ड मला सांगायचे नाहीत. "तुला काय करायचाय?" असं विचारायचे.

सरांचं घर नागावचं. नारळी-पोफळीची मोठी वाडी, वाडीत होमस्टे. माझी आई तिथे चादरी धुते. धूत होती. मी शाळेत होते तेव्हापासून. म्हणजे सर माझे सर व्हायच्या आधीपासून आमचे मालकच होते. माझा धाकटा भाऊ सिद्धू दिघी बंदरात कामाला. सोमवारी आगरदांड्याहून फेरीबोटीनं जायचा, शनिवारी यायचा. तिथला ठेकेदार सरांचा मावसभाऊ. आमच्या घरात शिजणारा भात कुठून ना कुठून त्यांच्याच उंबऱ्यावरून यायचा. हे सरांना माहीत होतं. आम्हालाही.

मी अभ्यासाला लागले. घर दोन खोल्यांचं, बौद्धवाडीत, रस्त्याच्या कडेला. आईनं टीव्ही लावायचा बंद केला. ऑफिसचा लॅपटॉप मी घरी आणायची, त्याच्यावर इंग्रजी व्हिडिओ बघायची. बोलणारा माणूस भरभर बोलायचा. थांबवायचं. मागे घ्यायचं. पुन्हा ऐकायचं. एकेक शब्द पाटीवर गिरवल्यासारखा गिरवायचा. पहिली सराव परीक्षा दिली तेव्हा निम्मे प्रश्न कळलेच नाहीत. लॅपटॉप मिटला आणि चुलीपाशी जाऊन बसले. आईनं भाकरी पुढे सरकवली.

मग हळूहळू उलगडायला लागलं. एका मशीनमधून निघालेली माहिती दुसरीकडे कशी पोचते, वाटेत कोण अडवतं, कोण सोडतं. फायरवॉलचे नियम लिहिताना मला फार बरं वाटायचं. कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातच थांबवायचं, हे मी ठरवायचं. आयुष्यात पहिल्यांदा.

एकदा ऑफिसातच मी सराव परीक्षा संपवली. रोहन मागे उभा होता. त्यानं माझे मार्क बघितले. सरळ सरांच्या केबिनमध्ये गेला. काचेचं दार बंद झालं. आतून दोघं माझ्याकडे बघत होते.

त्या दिवसापासून सर गोड बोलायला लागले. आणि त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली.

"कधी आहे गं तुझी परीक्षा?"

मी सांगितलं.

"घरून देणारेस? तुमच्या वस्तीत लाईट जाते. आवाज केवढा. नागावला ये आमच्याकडे. इन्व्हर्टर आहे, फायबर आहे. बंद खोली लागते ना? देतो."

बंद खोली लागायचीच. घरून परीक्षा द्यायची म्हणजे कॅमेरा चालू ठेवायचा. लांब कुठेतरी बसलेला निरीक्षक आपल्याला बघत असतो, ऐकत असतो. खोलीत दुसरं माणूस चालत नाही. आवाज चालत नाही. आमच्या घरात शेजारची कोंबडी ओरडली तरी भिंतीतून आत येते. मी सरांना हो म्हटलं.

आईला सांगितलं तर ती पिळत असलेला परकर तसाच हातात धरून उभी राहिली.

"येवडी माया कशी आली गो आचानक?"

परीक्षेच्या दिवशी मी सकाळीच नागावला पोचले. माझी वेळ दुपारची होती. सरांनी लवकर बोलावलं होतं, "जरा सेटिंग बघून घेऊ" म्हणाले होते. फाटकातून आत शिरले तर सरांची आई ओट्यावर बसलेली. मला बघून हातानंच वळवलं.

"मागच्या दारानं ये गो. पुढं पाहुणे हायत."

पुढे कुणीच नव्हतं. अंगण रिकामं होतं. मी मागून गेले.

सर मला एका लहान खोलीत घेऊन गेले. चादरी ठेवायची खोली. फळ्यांवर पांढऱ्या चादरी, उशांचे अभ्रे, घड्या घालून लावलेले. त्या घड्या मी लगेच ओळखल्या. आई अशीच कोपरे जुळवते. मध्ये एक टेबल. टेबलावर स्क्रीन, माउस. आणि टेबलामागच्या भिंतीला एक भोक. ताजं. खाली विटेचा लाल भुगा अजून तसाच पडला होता. भोकातून केबल पलीकडे गेली होती.

मी केबल बघितली. केबल कशी ओढायची हे मला शिकवावं लागत नाही. पलीकडे रोहनची खोली. रोहनचा कॅमेरा. रोहनचा चेहरा.

"रोहनचीपण आजच आहे. त्याची आधी होऊ दे," सर म्हणाले. "तो समोर बसेल. तू इथून उत्तरं निवडायची. त्याचा स्क्रीन तुला इथे दिसेल, तुझा माउस तिथे चालेल. त्याला दुबईची नोकरी आलीय, फक्त हा एक कागद अडलाय. तुझी दुपारी आहेच की. तू तुझी दे."

"सर, हे नको."

"नको?" आवाज चढवला नाही. कधीच चढवायचे नाहीत. "सिद्धू काय म्हणतो? दिघीला करमतं का त्याला? ठेक्याच्या कामाचं कसं असतं, आज आहे, उद्या नाही."

मग खांद्यावर हात न ठेवता, ठेवल्यासारखं करून म्हणाले, "अगं, तुमच्यात एवढं डोकं असतं हे मलासुद्धा माहीत नव्हतं. कौतुकच करतोय तुझं."

मी खुर्चीत बसले. सिद्धूचा चेहरा डोळ्यांपुढे होता. कागदी कपातून चहा आला. पलीकडे रोहनसाठी कपबशी गेली, त्याचा आवाज मी ऐकला.

परीक्षा सुरू झाली. निरीक्षक बाईचा आवाज भोकातून स्वच्छ येत होता. तिनं रोहनला कॅमेरा चहूकडे फिरवायला लावला. खोलीत आणखी कोण आहे का, असं इंग्रजीत विचारलं. रोहन म्हणाला, "नो मॅम."

नो मॅम. मी भिंतीच्या अलीकडे बसलेली. माझा श्वास मला ऐकू येत होता. आणि मी नव्हते.

स्क्रीनवर पहिला प्रश्न आला. मला उत्तर येत होतं. वाचता वाचताच आलं. माउसवर हात होता. बोट दाबलं की संपलं. पण त्या उत्तरामागे चुलीपाशी बसलेली मी होते. टीव्ही बंद करून अंधारात बसणारी आई होती. थांबवून, मागे घेऊन पुन्हा ऐकलेला एकेक शब्द होता. ते सगळं या भोकातून पलीकडे जाणार. तिथे त्याला रोहनचं नाव लागणार. आणि माझ्याकडे उरणार कागदी कप.

मी माउसवरून हात काढला. मांडीवर ठेवला.

वेळ जात होता. पलीकडे रोहन खाकरला. पुन्हा खाकरला. सर दारात आले. त्यांचे ओठ हलले. आवाज नाही. आवाज करता येत नव्हता. घर त्यांचं, वाडी त्यांची, आणि तोंड उघडायची सोय नाही. त्यांनी बोट दाखवलं, माउसकडे. मी मान हलवली. नाही.

त्यांनी मोबाईलवर टाईप करून माझ्यासमोर धरलं. "मावसभावाला फोन लावू?"

मी उभी राहिले. भोकाच्या जवळ गेले. आणि मोठ्यानं बोलले. मराठीत बोलले, मग तेच इंग्रजीत बोलले, कारण ऐकणाऱ्या बाईला कळायला हवं होतं.

"ह्याची परीक्षा मी देणार नाही. मी भिंतीच्या ह्या बाजूला बसलेय. मला इथे बसवलंय."

पलीकडे खुर्ची सरकली. निरीक्षक बाई काहीतरी झपाझप विचारत होती. रोहन "मॅम, मॅम" एवढंच म्हणत होता. मग तिचा आवाज बंद झाला. स्क्रीन पांढरा पडला.

मला वाटलं, सर मारतील. मारलं नाही. शांतपणे माझी बॅग उचलली, लॅपटॉप काढून घेतला.

"हा ऑफिसचा आहे."

"सर, दुपारी माझी..."

"कशावर देणार? चादरीवर?"

मी बाहेर पडले. ह्या वेळी पुढच्या दारानं. ओट्यावर म्हातारी बसलेली होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, मी चालले तिथल्या फरशीकडे बघितलं. मागून सरांचा आवाज आला. दोनच शब्द.

"आता बघ."

माझी परीक्षा दुपारी होती. ती झाली नाही. मी घरी ओट्यावर बसून होते. मोबाईलवर निरोप आला, की तुम्ही गैरहजर आहात. गैरहजर. ज्या परीक्षेसाठी मी जीव टाकला होता, तिथे मी गैरहजर लागले.

दुसऱ्या दिवशी आई कामावर गेली आणि लगेच परत आली. फाटक उघडलंच नव्हतं. आतून कुणीतरी सांगितलं, "आता धुवायला नवीन मशीन घेतलंय." सोमवारी सिद्धू आगरदांड्याला बोटीवर चढत होता तेव्हा त्याला फोन आला. येऊ नको. तो जेट्टीवर उतरला आणि तिथेच उभा राहिला. बोट गेली. नंतर मला म्हणाला, "ताई, मी बोटीकडं बघत व्हतो. मला राग येयाला पायजे व्हता. आला न्हाय. नुसतं गार पडलं आंग."

ऑफिसनं मला काढलं, त्याचं कुणी कागदसुद्धा दिलं नाही. फोन उचलायचे बंद झाले, एवढंच.

मग एक मोटरसायकल यायला लागली. आमच्या वाडीच्या तोंडाशी, नाक्यावर उभी राहायची. चालवणारा कधी फोनवर बोलायचा, कधी नुसता बसायचा. कुणाला काही बोलला नाही. पण मी दुकानात निघाले, की इंजिन चालू व्हायचं. शेजारच्या बायका मुलींना घरात बोलवायच्या.

त्याच माणसानं शेवटी निरोप आणला. दारात उभा राहून, चप्पल न काढता. परीक्षा घेणाऱ्या कंपनीनं चौकशी लावलीय. रोहनवर कायमची बंदी येईल. मी एवढंच लिहून द्यायचं, की मी चिडले होते, मत्सरानं त्या घरात शिरले आणि खोटं ओरडले. लिहून दिलं, की सिद्धू परत कामावर. आईपण.

"नायतर?" आईनं विचारलं.

तो हसला. "नायतर काय मावशी. पोरगी एकटीदुकटी फिरते. काळजी घ्या."

तो गेला. सिद्धू भिंतीला टेकून बसला होता. त्याच्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. माझ्यामुळे तो घरी बसला होता. मी म्हटलं, "आये, लिहून देऊ का? सिद्धूचं काम..."

आई हात बघत होती स्वतःचे. सोड्यानं सोललेले हात.

"मी त्यांच्या चादरी धुतल्या. रगात लागलेल्या धुतल्या, ओकलेल्या धुतल्या. ह्ये न्हाय धुवायची. आनि तूपन न्हाय."

सिद्धू उठला. लॅपटॉप नव्हता म्हणून त्यानं आपला मोबाईल माझ्या हातात दिला. "लिव."

मी परीक्षा घेणाऱ्या कंपनीला लिहिलं. भोक कुठे पाडलं, केबल कुठून गेली, कोण काय म्हणालं. सुरुवातीचा राखीव जागांचा विनोदसुद्धा लिहिला. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. उत्तर आलं, की चौकशीत माझं नाव समोरच्याला कळेल, मला चालेल का. मी लिहिलं, कळू दे. धमकीची तक्रार, मोटरसायकलच्या नंबरासकट, लिहून पोलीस ठाण्यात घेऊन गेले. तिथल्या हवालदारानं सरांचं नाव वाचलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाला, विचार कर, उद्या ये. मी उद्या गेले. परवा गेले. आता तो मला बघितल्यावर पेन शोधायला लागतो. मी बाकावर बसून राहते. तक्रार नोंदवून घेतल्याशिवाय मी यायची थांबणार नाही, हे त्याला कळायला लागलंय.

चौकशीचा निकाल अजून आलेला नाही. सर अजून ऑफिसात आहेत. सिद्धू मिळेल ते काम करतो. आई रेवदंड्याला एका घरी कामाला जाते.

मी परीक्षेचा अर्ज पुन्हा भरलाय. ह्या वेळी पनवेलच्या केंद्रावर, सगळ्यांच्या समोर बसून. पास होईन का, माहीत नाही. नापास झाले तर पुन्हा भरीन. नापास झाले तरी माझ्या नावानं होईन.

सोमवारी पहिल्या एसटीनं निघायचंय. नाक्यावर मोटरसायकल उभी असेल. आई म्हणते, खाडीच्या अंगानं जा, तिकडून दुसऱ्या थांब्यावर निघता येतं.

मी नाक्यावरूनच जाणार. त्याच्या गाडीला घासून जाणार. गाडीचा नंबर तक्रारीत लिहिलेला आहे, हे त्याला थांबून सांगणार, आणि मग एसटीत चढणार.