नेणाऱ्याचं कारण

ट्रक रविवारी सकाळी अकराला येईल, असं मुलाने फोनवर सांगितलं. मधे सोळा दिवस होते.

"तो सगळं एकदम उचलतो, आई. तू फक्त तुझे कपडे भर."

"उचलून नेतो कुठे?"

"टाकतो कुठेतरी गावाबाहेर. आपल्याला काय करायचंय?"

हे शेवटचं वाक्य स्टोअरबाईंना झोंबलं. एकतीस वर्षं त्यांनी रुग्णालयाचं भांडार सांभाळलं होतं, हे नाव तिथलंच. आता हे घर भाड्याने द्यायचं आणि आईला आपल्याकडे आणायचं, असं मुलाने आणि सुनेने ठरवून टाकलं होतं. आईला यायचं आहे का, हे विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यावर बाई अजून काही बोलल्या नव्हत्या. ट्रकवर मात्र लगेच बोलल्या.

"नाही म्हणून कळव त्याला. माझं घर मी रिकामं करीन."

"आई, तुझ्याच्याने होणार आहे का?"

बाईंनी फोन ठेवला आणि सुतळीचा गुंडा शोधायला घेतला.

भांडारात त्यांची एक पद्धत होती, आणि तिच्यापुढे भले भले डॉक्टर नमले होते. वस्तू चालू, दुरुस्तीला किंवा बाद. विजेची वस्तू बाद ठरली की बाई स्वतः तिची वायर कापायच्या, म्हणजे कुणी चुकून प्लगमध्ये घालायला नको. बाकी प्रत्येक वस्तूला सुतळीने बांधलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीत तीन ओळी: काय आहे, खोट काय आहे, कशासाठी हवी. तिसरी ओळ नेणाऱ्याने भरायची. ती कोरी असेल तर वस्तू जागची हलायची नाही, मग मागणारा कितीही मोठा साहेब असो.

ही अक्कल त्यांना फुकटात आली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी घाईघाईत एका वॉर्डाला चाकांची खुर्ची दिली. ब्रेक सैल आहे हे त्यांना माहीत होतं. पण वॉर्डात फरशी सपाट, काय बिघडतंय, म्हणून त्या गप्प राहिल्या. वॉर्डाला ती खुर्ची तपासणीच्या इमारतीकडे उतारावरून पेशंट न्यायला हवी होती, आणि ते बाईंनी विचारलंच नव्हतं. एका म्हाताऱ्याचं मनगट मोडलं. ठपका वॉर्डबॉयवर येणार होता. बाई स्वतःहून साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या, चूक माझी म्हणाल्या आणि पगारवाढ घालवून बसल्या. त्या दिवसापासून चिठ्ठी सुरू झाली.

तर आता घरातल्या एकेका वस्तूला चिठ्ठी लागली. मिक्सर: चालतो, पण शेजारी भांडायला येतील इतका ओरडतो. पंखा: फक्त तीनवर फिरतो, एक आणि दोन शोभेला आहेत. कपाट: खालचं दार गुडघ्याने दाबल्याशिवाय लागत नाही. जुन्या इस्त्रीची वायर त्यांनी कचकन कापली. संपलेल्या बॅटऱ्या, गेलेल्या ट्यूबा आणि मुका झालेला टीव्ही ई-कचऱ्याच्या संकलन केंद्रात पोचवायला त्यांना तीन खेपा माराव्या लागल्या. टीव्हीच्या खेपेला रिक्षावाला कुरकुरला, तेव्हा त्यालाही चार शब्द ऐकावे लागले. रद्दी आणि लोखंड भंगारवाल्याकडे गेलं. विरलेल्या चादरी जनावरांच्या दवाखान्याने नेल्या, तिसऱ्या ओळीत "पिल्लांच्या खाली घालायला" असं लिहून.

नवऱ्याचा कोट काढला तेव्हा हात थबकला. त्यांनी लिहिलं: डावा खिसा फाटका, किल्ल्या हरवतात. नवऱ्याने तीनदा हरवल्या होत्या आणि तिन्ही वेळा बाईंवरच डाफरला होता. समोरच्या बँकेच्या पहारेकऱ्याने तिसऱ्या ओळीत एकच शब्द लिहिला, थंडी. तो कोट घालूनच जिना उतरला. बाईंनी दार लावलं आणि मनसोक्त रडून घेतलं. मग तोंड धुऊन मिक्सरवाल्या गिऱ्हाइकाला फोन लावला.

जेवणाच्या टेबलावरून मात्र वाजलं. कोपऱ्यावरचा दुकानदार सांगितलेल्या किमतीपेक्षा जास्त द्यायला तयार होता.

"कशासाठी हवंय?" बाईंनी विचारलं.

"कशासाठी म्हणजे? चांगलं लाकूड आहे. घरात असलेलं बरं."

"असलेलं बरं हे काही कारण नाही."

"काकू, मी पैसे देतोय ना!"

"द्या की. पण पाच माणसं चाळीस वर्षं जेवली आहेत त्याच्यावर. तुमच्या माडीवर धूळ खायला नाही द्यायचं मला."

दुकानदार पाय आपटत गेला. दोन दिवसांनी शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी आल्या, त्यांना कापड बेतायला टेबल हवं होतं. दोघी ते उचलून जिन्यातून वाकडंतिकडं करत घेऊन गेल्या.

रविवारी अकराच्या ठोक्याला मुलगा आला आणि दारातच उभा राहिला. घरात एक खुर्ची, चार भांडी, रेडिओ आणि पलंग एवढंच उरलं होतं. पलंगालाही चिठ्ठी होती: उजवीकडे वळलं की करकरतो. तिसरी ओळ कोरी होती, कारण बघणारा संध्याकाळी यायचा होता.

"कमाल केलीस, आई!" तो मनापासून म्हणाला. "चल, पिशवी दे तुझी."

बाईंनी पिशवी दिली नाही. चिठ्ठी दिली.

काय आहे: आई, वय एकोणसत्तर. खोट काय आहे: डावा गुडघा. पहाटे मोठ्याने रेडिओ लावते. दुसऱ्याच्या स्वयंपाकात नाक खुपसते. सांगितलेलं ऐकत नाही. कशासाठी हवी: पुढे काहीच नव्हतं.

मुलगा हसला. आई हसत नाही हे बघून थांबला.

"अगं, एकटी कशी राहणार तू इथे?"

"हे मला इथून काढायचं कारण झालं. नेणाऱ्याचं कारण सांग."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी मागितलंय का मला?"

"आई, काय लावलंयस हे? तू आमच्याकडे असलेलं बरं, एवढंच!"

दुकानदाराचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याच्यावर रागावणं अन्यायाचं होतं. तरी बाई रागावल्या. रागापेक्षाही त्यांना वाईट वाटलं. पोटच्या पोराला एक ओळ सुचू नये?

"घरी घेऊन जा ती," त्या म्हणाल्या. "बायकोला दाखव, मुलांना दाखव. जे खरं असेल ते लिहा. मुलांना सांभाळायला हवी असेन तर तसं लिहा, मला राग नाही. पण कोऱ्या चिठ्ठीवर मी कधी सुईसुद्धा दिलेली नाही."

"आणि नाही सुचलं तर?"

"तर मी चालू वस्तू आहे. बाद नाही."

त्याने ती चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, खिशावर हात दाबला आणि रिकाम्या हातांनी जिना उतरला.

बाईंनी पलंग बघायला येणाऱ्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. मग पेन घेऊन त्या पलंगावर बसल्या आणि त्याच्या चिठ्ठीची तिसरी ओळ भरली: मला झोपायला.