सानगडीचा राजा

श्रावणातल्या एका मंगळवारी रेवाचे बाबा वारले.

दिवाळीनंतर सानगडीहून माझ्या धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, मंडईले या. पाहुण्याबिगर मंडई कशी होईन?"

मंडई म्हणजे भंडाऱ्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. घरोघर पाहुणे, आणि दुपारी दंडार (पुरुषांनीच करायचं लोकनाट्य). दंडारीतली राणी दरवर्षी रेवाचे बाबा होत. त्यासाठी पुण्याहून रजा काढून जात.

"ते बाबांचं गाव," पंधरा वर्षांची रेवा गाडीत म्हणाली. "मी नुसती तुझ्यासोबत येतेय." मी पुस्तकात डोकं खुपसलं.

लाखनीहून सानगडीची एसटी निघाली. दोन्ही बाजूंना पिवळ्या बांध्या (धानाची शेतं). शेजारच्या आजींनी रेवाला विचारलं, "कोन्या गावची वं तू?"

"पुण्याची."

"तिथं तं रायते तू. गाव कोनतं?"

रेवा खिडकीबाहेर बघू लागली.

दिरांच्या घरी भात, तळ्यातल्या झिंग्यांची भाजी आणि भांडण तयार होतं. राणी कोण होणार? सगळे दिरांकडे बघत होते.

"मिशी काढली तं मले दुकानात कोन ओळखन?" दीर म्हणाले.

"अन् मिशीवाली राणी पाहून राजा पळन," दंडारीचे म्होरके झिबलबाबा म्हणाले. "यंदा दंडार बंद ठेवू."

रेवाचा घास हातातच राहिला. "मी होते राणी. बाबा घरी राजा-राणी दोघांचंही बोलणं म्हणायचे. मला पाठ आहे."

"बाईचा पार्ट बाई करन तं ते दंडार कायची, बेटा? रीत मोडते."

"मग पुरुषाचा पार्ट मुलीनं केला तर?"

झिबलबाबांनी बराच विचार केला. "त्याची तं रीतच नाई पडली अजून. मंग मोडन कशी?"

अशा रीतीने राजा होणारे गणपतकाका राणी झाले, कारण ते सफाचट होते. रेवाला मिशी चिकटवली गेली.

पहिल्याच आरोळीला मिशी एका बाजूने सुटली. रेवाने ती बोटाने दाबून धरली. लोकांना वाटलं, राजा ताव देतोय, शिट्ट्या पडल्या. मग राणी आली. तिच्या अंगावर रेवाच्या बाबांची हिरवी साडी होती. राजा साडीकडेच बघत राहिला.

"बोल ना बेटा," राणी जाड्या आवाजात कुजबुजली. ते मागपर्यंत ऐकू गेलं. सगळे हसले, रेवाही हसली, आणि मग राजा बोलला. शेवटपर्यंत बोलला.

परतीच्या गाडीत समोरच्या बाईंनी गाव विचारलं. मी उत्तर द्यायला पुस्तक खाली ठेवलं.

"सानगडी," रेवा म्हणाली. "राहतो पुण्याला."

साडी गणपतकाकांकडे आहे. मिशी आमच्या आरशाला चिकटलेली आहे.