दाखवायचा पत्ता

हे मी बायकोजवळ बोललो नाही, भावाजवळ तर नाहीच. सहा वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्याशी बोलता येईल — पाहतो.

मी जाहिराती बनवतो. फोनवर बोट सरकवताना मध्येच येतात ना, त्या. नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात, कपड्याच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. तिथे बसून मी लोकांच्या बोटांची वाट पाहतो.

पण आधी वहिनी. माझ्या मोठ्या भावाची बायको. भाऊ खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंत्राटी कामावर, राहणं तिथल्याच कॉलनीत. वहिनींचं माहेर उमरेडचं, घरात हातमाग. दहावीनंतर शाळा सुटली, पण नर्स व्हायचं काही डोक्यातून गेलं नाही. पोरगी झाल्यावर बाईने हट्टाने बारावी केली! नागपुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात नर्सिंगचा कोर्स होता. पस्तिशीपर्यंतच घेत. वहिनींचं ते शेवटचं वर्ष.

फोन त्यांना मीच शिकवला, मोठ्या रुबाबात. "वहिनी, चित्राले भुलू नका. खाली वेबसाइटचा पत्ता राहते, तो एक एक अक्षर वाचा. अन् स्क्रीनशॉट काढून ठेवा." त्या खरंच तसं करत. माहेरी कापडातली सुटलेली तार शोधायची सवय. तसंच बोट ठेवून इंग्रजी अक्षरं वाचत.

आणि मी काय करून राहिलो होतो? सांगतो. जाहिरात भरताना दोन रकाने असतात. एकात लोकांना दाखवायचा पत्ता, दुसऱ्यात ते खरंच जिथे पोहोचतात तो. दोन्ही एकाच जागेचे असावेत, असा नियम आहे. आम्ही — आम्ही कसलं, मी. एका क्लासवाल्याला नर्सिंगला जाणाऱ्या मुलींचे फोन नंबर हवे होते. मी पहिल्या रकान्यात त्या दवाखान्याचा पत्ता टाकला, दुसऱ्यात क्लासवाल्याचा फॉर्म. जाहिरात धो धो चालली. साहेबांनी समोसे मागवले. मी दोन खाल्ले.

वहिनींनी तोच फॉर्म भरला. "आपला अर्ज मिळाला" असं आलं आणि त्या निवांत झाल्या. खऱ्या अर्जाची तारीख निघून गेली. यादी लागली तेव्हा बसने दवाखान्यात गेल्या. तिथली बाई म्हणाली, या नावाचा अर्जच नाही. तिथून सरळ माझ्या घरी. चप्पल न काढता दारातच उभ्या.

"भाऊजी, मी पत्ता वाचला होता. एक एक अक्षर. हे पाहा ना."

स्क्रीनशॉट होता. माझीच जाहिरात. वर बरोबरच्या तीन हिरव्या खुणा, मी स्वतः लावलेल्या. खाली दवाखान्याचा पत्ता, अगदी बरोबर. खरं सांगायला किती वेळ लागला असता? एक वाक्य. पण भाऊ डोळ्यांसमोर आला, नोकरी आली, आत बायको चहा ठेवत होती —

"द्या, पाहू," म्हणालो. उजेडाकडे जायचं निमित्त करून पाठ फिरवली आणि तो स्क्रीनशॉट पुसून टाकला. पुसलेले फोटो जिथे साठतात, तिथूनही काढला. त्यातला जाणकार ना मी! मग म्हणालो, "नीट वाचला नसन तुम्ही. एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं असन."

"असन बाप्पा," वहिनी म्हणाल्या. "माह्या वाचण्याचा काय भरोसा." घरी जाऊन त्यांनी तो स्क्रीनशॉट खूप शोधला. "माह्याच हातून गेला असन," असं भावाला म्हणाल्या. भाऊ रागावला — त्यांच्यावर.

त्या जाहिरातीखालचा पत्ता आणखी किती जणींनी वाचला असेल? त्यांचा विचार मी फार केला नाही, हेही सांगून टाकतो. त्यांची तोंडं मला माहीत नाहीत. वहिनींचं माहीत आहे. आता त्या कॉलनीतल्या पाळणाघरात काम करतात. विजेचं बिल, शाळेचा मेसेज, काहीही आलं की पोरीपुढे धरतात. स्वतः वाचत नाहीत.

गेल्या रविवारी दोघी माझ्याकडे आल्या. पोरीची बारावी झाली. तिला त्याच दवाखान्याचा फॉर्म भरायचा होता. ती भराभर टाइप करायला लागली तशी वहिनींनी तिचा हात धरला.

"माह्यासारखं करू नको वं. आधी काकाले वाचू दे."

पोरीने फोन माझ्यासमोर धरला. मी पत्त्यावर बोट ठेवून एक एक अक्षर मोठ्याने वाचायला लागलो. वहिनी मान खाली घालून ऐकत होत्या. स्क्रीनकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पण ओठ हलत होते. मी म्हणायच्या आधी पुढचं अक्षर त्यांच्या ओठांवर येत होतं, शेवटपर्यंत. एकही चुकलं नाही.