पाणाड्यानं पाहिलेला देवमासा

केमजवळच्या वस्तीवरचा महिपती पाणाड्या साठीला टेकला तरी त्यानं समुद्र पाहिला नव्हता. तळहातावर नारळ धरून शिवारात फिरायचं, जिथं नारळ उभा राहील तिथं विहीर खणायला सांगायची, यातच त्याची हयात गेली. बहात्तरच्या दुष्काळानंतर मात्र त्यानं नारळ हातात धरला नाही. कुणी बोलवायला आलं की गुडघे धरलेत म्हणायचा.

खरं कारण एकट्या त्यालाच ठाऊक होतं. त्या साली रामहरीच्या रानात नारळ उभा राहिलाच नव्हता. भोवतीनं जमलेल्या माणसांची सुकलेली तोंडं बघून महिपतीनं तो अंगठ्यानं रेटून उभा केला. पन्नास फूट खाली गेले तरी ओल नाही, आणि शेवटच्या सुरुंगानं सुटलेला दगड रामहरीच्या छातीवर आला. वर काढल्यावर तासभर धाप चालू होती, मग तीही थांबली. बोल लागला तो त्याच्या बायकोला, सोनाबाईला. पांढऱ्या पायाची हाय, असं आधी तिचा दीर म्हणाला, मग गाव म्हणालं. महिपतीनं ऐकलं आणि चार वर्षं तो गप बसला.

शहात्तरच्या मार्गशीर्षात पुतण्या त्रिंबक त्याला रत्नागिरीला घेऊन गेला. त्रिंबक तिथं पोस्टात होता, आणि आल्यागेल्या पाहुण्याला ओळखीच्या तांडेलाच्या होडीतून समुद्र दाखवून आणायचा त्याला भारी नाद.

उजाडताच होडी निघाली. पहिला तासभर महिपतीनं दोन्ही हातांनी फळी सोडली नाही. नांगरामागं बगळे लागतात तसे पांढरे पक्षी होडीमागं लागले होते. उपड्या घमेल्याएवढं एक कासव वर आलं, म्हाताऱ्यागत मान वळवून बघितलं आणि बुडालं. पट्ट्यापट्ट्यांचा साप पाण्यावरनं वळवळत गेला तेव्हा महिपतीनं हात जोडले. मग डॉल्फिनांचा घोळका आला. काळ्या ओल्या पाठी बघून त्यानं विचारलं, ह्या म्हशी कुणी सोडल्या? होडीत हसू पिकलं.

तेवढ्यात तांडेलानं इंजिन बंद केलं आणि बोट दाखवलं. पुढं पाणी काळं पडलं होतं. त्यातनं भस्सकन पांढरा लोट उठला, दोन पुरुष उंच. महिपती ताडकन उभा राहिला. विहिरीच्या तळातनं जी हाक वर येते तीच त्याच्या तोंडून निघाली.

"पानी लागलं!"

पुन्हा सगळे हसले. तांडेल तेवढा हसला नाही.

"पाणी नव्हे, आजोबा. देवमासा आहे. पाण्यात राहतो, पण दम घ्यायला वर यावं लागतं. ती त्याची धाप."

शेताच्या बांधासारखी लांबलचक पाठ पाण्यातून सरकत राहिली, सरता सरेना. आणखी एकदा धाप सुटली, तिचे थेंब महिपतीच्या तोंडावर आले. त्याला रामहरीची ती तासभरची धाप आठवली.  किनाऱ्यावर उतरल्यावर तो त्रिंबकाला म्हणाला, उद्याच्या यष्टीत बसवून दे मला. चारच दिवस झालेत की, असं त्रिंबक म्हणत राहिला, पण म्हाताऱ्यानं ऐकलं नाही.

तो गावी परतला तेव्हा सोनाबाई अंगणात तुरी बडवत होती. महिपती कडेला उभा राहिला.

"नारळ म्या अंगठ्यानं उभा केला हुता, सोनाबाई. तितं पानी न्हवतं. मला ठावं हुतं."

तिचा हात थांबला. तिनं काठी खाली ठेवली.

"मला कशापायी सांगताय, तात्या?"

"चुकलं माजं."

"पांढऱ्या पायाची मला गाव म्हंतंय. गावाला सांगा. म्या तितं उबी ऱ्हानार. अर्दं सांगून अर्दं गिळायचं न्हाय."

रविवारी मारुतीच्या पारावर महिपतीनं सगळं सांगितलं. अंगठा कसा लावला तेही करून दाखवलं. कुणी शिवी दिली नाही. ती दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. एकानं विचारलं, मग आमच्या हिरीचं काय? तितं खराच उभा ऱ्हायला हुता, असं महिपती म्हणाला. काहींनी ते खरं मानलं, काहींनी नाही. त्यानंतर त्याला पाणाड्या म्हणून कुणी बोलावणार नव्हतं, हे पारावरच ठरून गेलं.

सोनाबाईचा दीर मान खाली घालून सगळ्यात आधी उठला. ती मात्र शेवटचा माणूस जाईपर्यंत तिथंच उभी होती.