दाव्यातला जून महिना
१९८८, सप्टेंबरमधला पहिला सोमवार, धुळे. हजर: वकीलसाहेब, त्यांचे कारकून, ज्युनिअरच्या एका जागेसाठी आलेले आम्ही तिघे आणि बाहेरच्या बाकावर साक्रीकडची एक म्हातारी पक्षकार. वहीतली ही नोंद दिसली की ओल्या छत्र्यांचा आणि शाईचा वास येतो. साहेबांनी आम्हाला म्हातारीच्या बांधाच्या दाव्याची नक्कल दिली आणि अर्ध्या तासात टिपण मागितलं. पुण्यात पहिला आलेला मुलगा आणि न्यायाधीशांचा भाचा कलमं शोधू लागले. मी बाहेर जाऊन म्हातारीला तिच्याच बोलीत विचारलं, "अक्का, बांध कव्हय फोडा?" "तारीख माले नही समजत, पोरी. कानबाई उठनी ना, त्याना दुसरा दिन. बठ्ठा गावले माहीत शे." खानदेशात कानबाई देवी श्रावणात बसते आणि दुसऱ्या दिवशी उठते, म्हणजे तिचं विसर्जन होतं; दाव्यात मात्र बांध फोडल्याचा महिना जून होता. उलटतपासणीत म्हातारी खोटी ठरली असती. पण दावा खुद्द साहेबांनी लिहिलेला. जागा गेली तर गेली, असं म्हणून मी टिपणात पहिली ओळ तीच लिहिली. साहेबांनी ती दोनदा वाचली. "हिला विचारलं होतं का कुणी?" कारकून पुटपुटले, "तिच्या मुलानं सांगितलं तसं घेतलं, साहेब." "मग दुरुस्तीचा अर्ज आता ही लिहील. उद्यापासून या, बाई. आणि खेड्यातले सण कोणत्या महिन्यात येतात, त्याचा तक्ता करून इथे भिंतीवर लावा." आज माझ्याकडे काम मागायला येणाऱ्यांना मी आधी बाहेरच्या बाकावर पाठवते. माझ्या कामांच्या यादीत तो तक्ता मात्र अजून करायचाच राहिला आहे.