डेमोकाकांचा पहिला प्रश्न

घरातलं जनावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय डेमोकाका व्हॅक्यूम क्लीनरचं बटण दाबत नसत. दारात चपला काढता काढताच विचारायचे, "आज घरात आहे ना?" कुत्रं फिरायला गेलं असेल तर ते परत येईपर्यंत हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहायचे. चहा दिला तर चहा घेत, नाही दिला तर नुसतेच. मला आधी वाटलं, या माणसाला कधीतरी कुत्रं सडकून चावलेलं दिसतंय.

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर त्यांचं मिक्सर आणि व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्तीचं दुकान होतं. तरुणपणी दारोदार मशीनचे डेमो देत हिंडले होते, म्हणून हे नाव. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत आमच्या घरी ते आले ते पापलेटमुळे. पापलेट म्हणजे आमचा कुत्रा. आईने त्याला माहीमच्या मासळीबाजाराबाहेरून उचलून आणलं, चंदेरी रंगावरून नाव ठेवलं आणि दोन वर्षांत ती स्वतःच गेली. मागे उरलो आप्पा, मी, माझा दमा आणि पापलेटचे केस. ते सोफ्यावर होते, आमटीत होते, इस्त्री करून आणलेल्या कपड्यांवरही होते. डॉक्टरांनी सांगितलं, कुत्रं कुणाला तरी देऊन टाका. आप्पा म्हणाले, "हिच्या आईचा आहे तो," आणि दवाखान्यातून सरळ उठून बाहेर गेले. म्हणजे घरातून केस तरी जायला हवे होते, नाहीतर पापलेट.

मी फोनवर जाहिरात बघून एक सडपातळ, बिनवायरचं मशीन पसंत करून ठेवलं होतं. काकांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "ताई, ह्याने फक्त बाहुलीचं घर झाडा." मग ते जमिनीवर फतकल मारून बसले, सोफ्यावरचे चार केस चिमटीत धरले आणि खिडकीच्या उजेडात उलटसुलट करून पाहिले. "वरचा केस लांब हाय, आतला लोकरीसारखा. लांब केस ब्रशाच्या रोलरला गुंडाळनार, लोकर फिल्टर बुजवनार. दोघांचा इचार करून मशीन घ्यायचं." रोलर हाताने काढता आला पाहिजे, फिल्टर घट्ट बसणारा पाहिजे, आणि माझ्यासारखीने डब्याचं नाही, पिशवीचं मशीन घ्यायचं, असा त्यांचा हुकूम होता. "नुसती ताकद काय बघता? डबा उघडलात की सगळा धुरळा परत तुमच्याच छातीत."

आवाजाची परीक्षा त्यांनी पापलेटवर सोपवली. तसलं एक मशीन आणून स्वयंपाकघरात चालू केलं, दार लावून घेतलं आणि स्वतः पापलेटचा कान चोळत बाहेर बसले. मग दार थोडं उघडलं, मग अजून थोडं. "ह्याला पटलं तर घ्या," ते आप्पांना म्हणाले, "नायतर आठ दिवसांत मशीन माळ्यावर जातंय." पापलेटला पटलं. मशीन जड होतं आणि दिसायला भोपळ्यासारखं, पण महिन्याभरात माझी घरघर कमी झाली आणि कुत्रं देऊन टाकायचा विषय पुन्हा निघाला नाही. आप्पांनी काकांना पुढच्या खेपेला आग्रह करून जेवायला बसवलं.

दर तीन महिन्यांनी काका रोलर साफ करायला येत. वर्तमानपत्र पसरायचं, छोट्या कात्रीने रोलरवरचे केस कापायचे आणि त्या ढिगाकडे जरा वेळ बघत राहायचं, हा त्यांचा नेम. "काय गेलं ते बघून टाकावं," म्हणायचे. मला हा सगळा सोपस्कार म्हणजे रिकामपणचा उद्योग वाटायचा.

एकदा आप्पा पापलेटला घेऊन पार्कात गेले होते आणि मला ऑफिसला उशीर होत होता. मी जरा चिडूनच म्हटलं, "काका, करा हो चालू! तो असला काय, नसला काय, फरक काय पडतो?" काकांनी हातातला पाइप खाली ठेवला.

"माहीमला एक घर होतं," ते म्हणाले. "सुनेने डेमोला बोलवलेलं. सासूबाय देवळात गेलेल्या. सोफ्यावर एक उशी होती, तिच्यातनं मांजराचे केस निघाले म्हनजे किती! मी पेपरवर ढीग घालून दाखवला. सून खूश, मी खूश. जाऊन खाली कचऱ्यात टाकून आलो. तेवढ्यात म्हातारी आली. मांजर आठ दिवसांमागे मेलं होतं, ताई. त्या उशीला ती कोनाला हात लावू देत नव्हती. माका काय म्हायत?"

"खूप ओरडल्या?"

"ओरडली असती तर बरं झालं असतं. उशीवरनं हात फिरवला नि म्हनाली, 'किती स्वच्छ झालं हो.' मी खाली धावलो. कचऱ्याची गाडी गेलेली. सून इसरली की मुद्दाम गप बसली, ते मी कदी इचारलं नाय." मग म्हणाले, "बटन बंद केलं की मोटर उतरत उतरत थांबते ना, त्या आवाजात मला ती बाय अजून ऐकू येते." त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेले.

पापलेट गेला तो एका दुपारी, आप्पांच्या खुर्चीखाली, झोपेतच. काकांना कळवायचं राहून गेलं. ठरल्या दिवशी ते आले, चपला काढल्या आणि विचारलं, "आज घरात आहे ना?" मी आप्पांकडे पाहिलं, आप्पांनी खिडकीकडे. काकांना पापलेटचं पालथं घातलेलं भांडं दिसलं असावं. ते आप्पांच्या शेजारी जाऊन बसले. मग मशीनचा रोलर तेवढा काढला, केस कापले, वाण्यासारखी नीट पुडी बांधली आणि आप्पांच्या हातात दिली. "घरातले केस राहू देत," मला म्हणाले. "तुमची छाती ऐकेल तवर."

आप्पांनी ती पुडी कपाटात आईच्या साड्यांवर ठेवली. सोफ्याच्या कोपऱ्याला मी मशीन लावलं नाही आणि माझी घरघर परत सुरू झाली. खरं सांगते, ती मला हवीशी वाटायची. दुपारी चारच्या सुमाराला फरशीवर नखांचा टकटक आवाज येई. आप्पांचा हात खुर्चीवरून खाली लोंबे आणि हवेतच थोडासा हले. तुम्हालाही ऐकू येतंय का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यांनीही मला नाही.

या वर्षी काका गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला, दुकान रिकामं करतेय, तुमच्या मशीनचे दोन फिल्टर बाबांनी बाजूला काढून ठेवलेत, घेऊन जा. मी लालबागला गेले. मुलगी बँकेत नोकरीला, बोलण्यात घाई, डोळे सुजलेले. दुकानाच्या चाव्या संध्याकाळी परत द्यायच्या होत्या. शेल्फं रिकामी झाली होती. काकांची खुर्ची तेवढी राहिली होती, तिच्या पाठीवर त्यांचा टॉवेल, आणि सगळ्यावर दुकानातल्या मांजराच्या पिवळ्या केसांचा थर.

"किती घाण करून ठेवलीय हिने," असं म्हणत मुलीने एक मशीन ओढलं, प्लग लावला आणि पाइप खुर्चीकडे वळवला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आज घरात आहे ना?"

"कोण, मांजर? ती काय, काउंटरवर बसलीय."

मी टॉवेलकडे बोट दाखवलं. डोकं टेकायच्या जागी, पिवळ्या केसांत अडकलेले, काकांचे आखूड पांढरे केस होते.

तिने वाकून पाहिलं. मग तिने प्लग काढला, रद्दीतलं एक वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं, आणि आम्ही दोघी खाली बसून ते केस हाताने वेचू लागलो.