कॅचरचा गुडघा

"हे बघा, इथून ती सुटली आहे," पडद्यावरच्या एका करड्या पट्ट्यावर पेनाचं टोक ठेवून डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी बघितलं. मला ते हवामान खात्याच्या नकाशासारखं दिसलं. पण डॉक्टर 'हे बघा' म्हणाले की मान हलवायची असते, म्हणून हलवली. शेजारी बसलेल्या अनघानेही हलवली. बायको असल्यामुळे तिने ती माझ्यापेक्षा जास्त गंभीरपणे हलवली.

निदान होतं मेडियल मेनिस्कस रूट टेअर. मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधली चंद्रकोरीच्या आकाराची कूर्चेची गादी. तिची दोन्ही टोकं हाडात रुजलेली असतात, त्यांना रूट म्हणतात. माझ्या उजव्या गुडघ्यातलं मागचं टोक हाडापासून सुटलं होतं. गादी होती, पण तिला जागेवर धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं.

"कामात फार उकिडवं बसावं लागतं का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही. हार्बरफ्रंटला ऑफिस आहे. सॉफ्टवेअरचे प्रोजेक्ट बघतो. खुर्ची चांगली आहे."

"मग?"

"रविवारी बसतो. सॉफ्टबॉलमध्ये कॅचर आहे."

त्यांनी फाइलवरचं माझं वय पुन्हा पाहिलं. "अजून?"

या एका शब्दात पुढच्या सहा-सात महिन्यांचा सगळा प्रश्न होता.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचा सख्खा धाकटा भाऊ. चेंडू टाकणारा तो पिचर. बॅट घेऊन उभा असतो त्याच्या मागे, तोंडावर जाळी लावून उकिडवा बसतो तो कॅचर. क्रिकेटमधला विकेटकीपर समजा, पण जास्त राबणारा. पुढचा चेंडू कुठला टाकायचा हे कॅचर मांड्यांच्या आडोशाने बोटांच्या खुणा करून सांगतो. पिचर मान डोलावतो आणि टाकतो. हे एका सामन्यात शंभराहून जास्त वेळा होतं, आणि प्रत्येक वेळी कॅचर खाली बसतो.

जळगावला शाळेत सरांनी मला कॅचर केलं, कारण हेल्मेट एकच होतं आणि ते माझ्याच डोक्याला बसायचं. इतक्या भक्कम पायावर उभारलेली कारकीर्द मी विद्यापीठाच्या संघापर्यंत नेली आणि नोकरीबरोबर सिंगापूरला आणली. तिथल्या क्वीन्सटाउनच्या मैदानावर रविवारी खेळणाऱ्या एका संघाला कॅचर हवा होता. मी गेलो आणि बारा वर्षं उठलो नाही.

गुडघा गेला तोही तिथेच. उंच उडालेला चेंडू पकडायला बसल्या जागेवरून उठलो आणि गुडघ्याच्या मागे 'टक्' झालं. पेन्सिल मोडल्यासारखं. दुखलं, पण फार नाही. मी सामना पूर्ण केला, याचा मला तेव्हा अभिमान वाटला. पुढे दोन आठवडे मलम लावलं, बर्फ लावला, जिने टाळले. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला उकिडवं बसताना किंवा उठताना गुडघ्यामागे असा आवाज आला, तर मलमात वेळ घालवू नका. टोक सुटल्यावर चालत राहिलं की गादी हळूहळू बाहेर सरकते आणि हाडावर हाड घासायला लागतं. हे मला नंतर कळलं. तोवर मी घराजवळच्या चोआ चू कांग मार्केटातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रोज चालत होतो.

ऑपरेशनचं नाव रूट रिपेअर. नडगीच्या हाडातून एक बारीक बोगदा पाडतात, सुटलेल्या टोकाला टाके घालून ते दोरे बोगद्यातून खाली ओढतात आणि बांधतात. डॉक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. मला फक्त गाठ कुठली मारतात हे जाणून घ्यायचं होतं. त्यांनी गाठ नसते, एक छोटं बटण असतं असं सांगितलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं. चाळीस वर्षं ज्या गुडघ्याची चौकशी केली नव्हती, त्यात आता कुणीतरी बटण लावणार होतं.

हॉस्पिटलच्या लॉबीत मोठा काळा पियानो होता. तो कुणी वाजवताना मला कधी दिसला नाही. ऑर्किड होती, आणि पेशंटना 'गेस्ट' म्हणणारा एक सूटबूटवाला माणूस होता. वरच्या मजल्यावर तपासणीच्या खोलीत मात्र सगळ्यांना मागून उघडा असलेला तोच पातळ गाऊन मिळत होता. खालचा पियानो बहुधा त्या गाऊनची भरपाई असावी.

ऑपरेशन नीट झालं. नंतरचे आठवडे पायावर वजन टाकायची परवानगी नव्हती. ब्रेस, म्हणजे गुडघा ठरावीक अंशापुढे वाकू न देणारा पट्टा, मांडीपासून पोटरीपर्यंत. दोन कुबड्या. फिजिओथेरपी, म्हणजे जे काम शरीर आपोआप करायचं ते त्याला समजावून सांगणं. कुबड्या असल्या की हातात चहाचा कप नेता येत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगून ठेवतो.

याच दिवसांत फैझलचा फोन आला. फैझल आमचा कॅप्टन आणि पिचरही. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, शिपिंग कंपनीत मॅनेजर.

"ब्रो, गुडघा कसा आहे?"

"आत बटण लावलंय."

"गुड, गुड. ऐक, पुढच्या सीझनची यादी द्यायची आहे. जागा एकच उरलीय. तू किंवा हुईलिंग."

हुईलिंग शाळेत पीटी शिकवते. आमचा संघ मिश्र आहे, आणि माझ्या जागी तात्पुरती म्हणून तिला आणलं होतं. जागा मिळाली नाही तर ती दुसऱ्या संघात जाणार होती, आणि तिला घ्यायला दोन संघ तयार होते.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला तू पाहिजेस, लाह. तुझी बोटं बघितल्याशिवाय मला टाकता येत नाही." ('लाह' म्हणजे सिंगापुरी 'रे', वाक्याच्या शेवटी लागतो.)

फोन ठेवल्यावर मी बराच खूश होतो. अनघा कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "अरे, त्याला तुझी बोटं हवीत. गुडघ्याचं काय करायचं ते तो बोललाच नाही."

आमची मुलगी इरा फोनमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, इट्स ओन्ली संडे लीग, लाह."

ओन्ली संडे लीग. बरोबर होतं. पण सोमवार ते शनिवार मी ज्या बैठकांना बसतो, त्यांत मी नसलो तर काय अडतं, हे मला आजवर कळलेलं नाही. रविवारी कळायचं. ती जागा जाणार की राहणार, एवढाच माझा प्रश्न होता, आणि तो मला डॉक्टरबाईंना विचारायला संकोच वाटत होता.

दोन कुबड्यांची एक झाली तेव्हा मी सामना बघायला गेलो. संघाने माझ्यासाठी कॅचरच्या मागच्या जाळीपाशी खुर्ची ठेवली होती, पाय ठेवायला दुसरी. बसलो. समोर हुईलिंगची पाठ, तिच्या पलीकडे चेंडू घेऊन उभा फैझल.

दुसऱ्या डावात एक विचित्र चेंडू पडला. हुईलिंगने हात बाहेरच्या बाजूला नेला होता आणि चेंडू आत आला. तो तिच्या खांद्यावरून मागे जाळीवर आदळला आणि समोरच्या संघाला एक रन मिळाली. पुढच्या डावात पुन्हा तेच. फैझल हात वर करून सॉरी म्हणाला. तिसऱ्यांदा झालं तेव्हा चेंडू तिच्या मनगटावर बसला.

ती उठली. तोंडावरची जाळी वर केली, फैझल कुठे बघतोय ते पाहिलं, आणि त्याच्या नजरेच्या रेषेत सावकाश मागे वळली. तिची नजर माझ्या मांडीवर आली.

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं ब्रेसवर उघडी होती.

मी शपथेवर सांगतो, मला पत्ता नव्हता. बोटं बारा वर्षांच्या सवयीने आपली आपण खुणा करत होती, आणि फैझल बारा वर्षांच्या सवयीने त्या वाचत होता. मध्ये बसलेल्या हुईलिंगच्या डोक्यावरून आम्ही दोघं सामना खेळत होतो.

"अंकल," ती मनगट चोळत म्हणाली, "कॅचर कोण आहे? तुम्ही की मी?"

"तू."

"मग हात खिशात घाला, कॅन? जमेल ना?"

"सॉरी."

"सॉरी नको लाह. खिशात."

मी हात खिशात घातले. फैझलने पुढचे चार चेंडू इतके वाईट टाकले की समोरच्या संघालाही त्याची दया आली. मग हळूहळू तो तिच्याकडे बघायला लागला.

घरी येताना मला शरम वाटत होती, पण त्याहून जास्त कुतूहल वाटत होतं. बोटांना गुडघ्याची बातमी पोचलीच नव्हती. शरीरात इतकी खाती असतात आणि एकाचं दुसऱ्याला काही कळत नाही, हे आमच्या कंपनीसारखंच निघालं.

पुढच्या तपासणीला मी शेवटी विचारलं, "मी पुन्हा उकिडवा बसू शकेन का?"

"बसू शकाल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

माझा चेहरा उजळला असणार, कारण त्यांनी हात वर केला. "तुम्ही मला चुकीचा प्रश्न विचारताय. पडलेली किल्ली उचलायला बसू शकाल. दर रविवारी शंभर वेळा बसू शकाल का, हे विचारा."

"शंभर वेळा बसू शकेन का?"

"एखादा सीझन कदाचित जाईलही. मग तुम्ही परत याल आणि मी टाके घालणार नाही, सांधा बदलायचं बोलेन. टाका किती दिवस धरेल याची हमी मी देत नाही. मी शिवते, वापरता तुम्ही."

डॉक्टरांना 'जमेल का' असं विचारू नका, 'किती वेळा जमेल' असं विचारा. या सगळ्या प्रकरणातून दुसऱ्याला देण्याजोगं माझ्याकडे एवढंच आहे.

संघाची बैठक हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉल्समध्ये झाली. आमच्या संघातले निम्मे लोक मॅनेजर आहेत, त्यामुळे कोपीचे, म्हणजे इथल्या कॉफीचे, कप बाजूला सारून लॅपटॉप उघडला गेला आणि 'कॅचिंग पोझिशन: पुढील वाटचाल' अशी स्लाइड निघाली. माझ्या नावाखाली अनुभव हा फायदा होता आणि गुडघा ही जोखीम. मी स्वतः अशा स्लाइड शेकडो केल्या आहेत, पण तिच्यावर कधी चढलो नव्हतो.

फैझलने माझी बाजू मांडली. चांगली मांडली. मी हळवा झालो. मग त्याने हुईलिंगला विचारलं, "तुला काय म्हणायचंय?"

ती फिशबॉल नूडल्स खात होती. "अंकलना घेणार असाल तर कॅचर म्हणून घ्या आणि बसवा. सगळे सामने. अर्धं घेऊ नका. मागे बसून अर्धा कॅचर, पुढे बसून अर्धी कॅचर, तुला दोघांचा मिळून एकही कॅचर मिळत नाही."

फैझल माझ्याकडे बघायला लागला. त्याला खूण हवी होती.

"किती वेळा बसता येईल ते मी विचारून आलोय," मी म्हणालो. "यादीत तिचं नाव घाल."

"शुअर?"

"नाही. पण घाल."

ते मोठेपणाने म्हटलं असं मला सांगता येणार नाही. घरी पोचेपर्यंत मी मनात तीनदा फोन करून शब्द मागे घेतला होता. अनघाने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता पानं घेतली.

नवा सीझन सुरू झाला तेव्हा मी कुबडीशिवाय चालत होतो. डॉक्टरबाईंचे आभार मानायला गेलो तर त्या म्हणाल्या, "आभार नकोत, जिने चढा." त्यांचे, आणि मला खिशात हात घालायला लावणाऱ्या हुईलिंगचे आभार इथेच मानतो.

पहिल्या सामन्याला मी जाळीपाशी गेलो नाही. मैदानाला वळसा घालून पार पलीकडे, आउटफिल्डच्या कुंपणाबाहेर झाडाखाली जाऊन उभा राहिलो. संघातल्या नऊ जणांपैकी फक्त कॅचरचं तोंड मैदानाकडे असतं. बाकीचे सगळे त्याच्याकडे तोंड करून उभे असतात, आणि मी आयुष्यभर त्यांचे चेहरेच पाहिले होते. इथून पहिल्यांदा त्यांच्या पाठी दिसत होत्या, आणि त्या सगळ्या पाठींच्या पलीकडे, लांबवर, धुळीत बसलेली एक लहानशी आकृती. आपण असे दिसत होतो तर.

हुईलिंगने खाली हात नेला. एवढ्या लांबून तिची बोटं दिसणं शक्य नव्हतं. फैझलने मान डोलावली. त्याचा हात फिरायला लागला, आणि कुठला चेंडू येणार हे मला माहीत नव्हतं. मी कुंपणाला धरून टाचा उंच केल्या आणि बघायला लागलो.